अत्यावश्यक नसेल तर...

१५ फेब्रुवारी २०२२ ची दुपार. माझ्या भाचीने युक्रेनमधून एक कागद मोबाईलवर पाठवला. कीवमधल्या भारतीय दूतावासाचं पत्रक होतं, जेमतेम तीन-चार वाक्यांचं. सध्याची अनिश्चित परिस्थिती पाहता युक्रेनमधल्या भारतीयांनी, विशेषतः ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. युक्रेनमध्ये येण्याचा आणि देशांतर्गत अनावश्यक प्रवास टाळावा. आपण कुठे आहोत ते दूतावासाला कळवत राहावं. एवढंच.

खाली तिचा प्रश्न होता, "मामा, काय करू? येऊ का परत?"

ती विनित्सियाला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होती. घरात इतिहास-राजकारण वाचणारा म्हणून माझी ख्याती(!), त्यामुळे ताईने तिला माझ्याकडे पाठवलेलं. मी पत्रक दोनदा वाचलं आणि अत्यंत आत्मविश्वासाने उत्तर दिलं, "सरकारी भाषा आहे. 'विचार करावा' म्हटलंय, 'निघा' म्हटलेलं नाही. वर्ग बुडवू नकोस, थोडं थांब."

नऊ दिवसांनी युद्ध सुरू झालं.

ती सुखरूप परत आली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. पण त्या दिवसांनंतर या कागदांचा नादच लागला. आपलं सरकार परदेशातल्या आपल्या माणसाला "निघा", "थांबा", "जाऊ नका" असं कधीपासून सांगायला लागलं? कुणासाठी सांगतं? आणि आपण ते ऐकत का नाही? जमेल तसं वाचत गेलो, त्याची ही गोळाबेरीज.

सुरुवात ब्रह्मदेशापासून करावी लागते.

२३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले. तेव्हाचं रंगून हे जवळजवळ भारतीयांचंच शहर होतं. १९३१ च्या जनगणनेत तिथली निम्म्याहून जास्त वस्ती भारतीय होती. गोदीतले हमाल, सफाई कामगार, रिक्षा ओढणारे, कारकून, सावकार. बाँब पडल्यावर हजारो लोक पायीच प्रोमच्या दिशेने निघाले. आणि तेव्हाच्या सरकारने काय सांगितलं? परत या, कामावर या. कारण ही माणसं गेली तर बंदर बंद पडणार, आणि बंदर बंद पडलं तर लढाईचं सामान उतरवणार कोण? बरेच जण खरोखर परत फिरले. धडधाकट पुरुषांना तर काही काळ इरावती ओलांडायला बंदी होती.

८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. तोपर्यंत समुद्रमार्ग जवळपास संपला होता. मग सुमारे पाच लाख माणसं जंगलं-डोंगर तुडवत भारताकडे आली. कुणी आराकानमधून, कुणी तामूवरून मणिपूरला, आणि अगदी शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर, हुकाँग खोऱ्यातून. वाटेत किती मेले याचा नक्की हिशेब कुणाकडेच नाही. दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहून मोठेही आकडे सांगतात. वाटेतही गोऱ्यांची सोय वेगळी आणि काळ्यांची वेगळी, हे ओघाने आलंच.

हे वाचताना एक नाव समोर आलं आणि मी थांबलो. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 'परदेशस्थ भारतीय' असं एक स्वतंत्र खातं १९४१ साली निघालं होतं आणि ते होतं आपल्या लोकनायक बापूजी अण्यांकडे. वणीचे, यवतमाळचे बापूजी अणे! टिळकांचे अनुयायी म्हणून, वऱ्हाडातले पुढारी म्हणून त्यांचं नाव आपण वाचलेलं असतं, पण परदेशातल्या भारतीयांचं खातं सांभाळणारा माणूस म्हणून मला तरी ते ठाऊक नव्हते. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. पण ब्रह्मदेशातून माणसं येत होती तेव्हा ते त्या खुर्चीवर होते. खातं होतं, मंत्र्यासारखा माणूस होता, पण हातात काय होतं? जहाजं त्यांची नव्हती, सैन्य त्यांचं नव्हतं, रंगूनचं सरकारही त्यांचं ऐकणारं नव्हतं. ब्रह्मदेश १९३७ सालीच हिंदुस्थानापासून वेगळा केला होता.

मला त्यातून कळलेली गोष्ट साधी आहे. सूचना ही नेहमी कुणाच्या तरी सोयीची असते. १९४२ ची "थांबा" ही सूचना बंदरासाठी होती, माणसासाठी नव्हती. म्हणून कुठलाही सरकारी कागद हातात आला की पहिला प्रश्न विचारावा, हा कागद कुणाच्या काळजीने लिहिलाय?

स्वातंत्र्यानंतर ते खातं पुढे परराष्ट्र मंत्रालयात विरून गेलं. आता दूतावास आपले, विमानं आपली. पण आपल्या माणसाला हाक मारून सावध करायचं, याची सवय लागायला बराच काळ गेला. १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो की परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करणं हे वाणिज्य दूतावासाचं काम आहे. पण त्यातच मर्यादाही आहे. दुसऱ्याच्या देशात आपले पोलीस नसतात, आपलं सैन्य नसतं. असतो तो एक फोन, एक शिक्का आणि यजमान देशाशी असलेले संबंध. त्या संबंधांवरच सगळं चालतं.

ते संबंध किती कामाला येतात हे १९९० साली दिसलं, आणि ते आमच्या घरात दिसलं.

आमचे भाऊकाका तेव्हा कुवेतला एका कंपनीत हिशेबनीस होते. काकू आणि मुलं सुट्टीसाठी पुण्याला आलेली, म्हणून वाचली असं आजी म्हणायची. २ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. त्याआधी कुठलंही "तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा" आलेलं नव्हतं. इराक-कुवेतची तेलावरून बाचाबाची चालू होती, पण अख्खा देश गिळला जाईल असं फारसं कुणालाच वाटलं नव्हतं. काका म्हणायचे, "अरे, आदल्या दिवशी संध्याकाळी मी नवीन कूलरची चौकशी करून आलो होतो!"

कुवेतमध्ये तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. टेलिफोन बंद. बँका बंद. ज्या कुवेती दिनारच्या जिवावर इथे घरं बांधली जात होती, त्या दिनारला इराकने आपल्या दिनारच्या बरोबरीचा ठरवून टाकला, म्हणजे व्यवहारात त्याची माती केली. काकांची आठ वर्षांची शिल्लक होती त्या बँकेच्या पासबुकात. ते पासबुक त्यांनी शेवटपर्यंत कपाटात जपून ठेवलं होतं.

दिल्लीत व्ही. पी. सिंगांचं सरकार, परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल. गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला गेले, सद्दाम हुसेनना भेटले, आणि त्या भेटीतल्या गळाभेटीच्या फोटोवरून जगभर टीका झाली. अजूनही होते. पुस्तकी तत्त्वांच्या बाजूने पाहिलं तर ती बरोबरच आहे, ज्याने शेजारचा देश गिळला त्याला मिठी मारायची? पण आमच्या घरात या फोटोविषयी कुणी वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही. पावणेदोन लाख माणसं ज्याच्या मुठीत, त्याच्याशी भांडून ती सुटणार नव्हती. काका एवढंच म्हणायचे, "मिठी मारली म्हणून माझी बस निघाली."

आणि बसच निघाली. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द. सरहद्दीवर तंबूंची वस्ती, प्यायच्या पाण्यासाठी रांगा, दिवसा भाजून काढणारं ऊन. कितीतरी देशांचे हजारो लोक तिथे अडकून पडले होते. मग अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान थेट मुंबई. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९०, एकोणसाठ दिवसांत एअर इंडियाने ४८८ उड्डाणं केली आणि एक लाख अकरा हजारांवर माणसं आणली. नागरी विमानांनी एवढी माणसं हलवल्याचा हा जागतिक विक्रम मानला जातो. काका सप्टेंबरमध्ये सहारला उतरले. हातात एक ब्रीफकेस, त्यात पासपोर्ट, ते पासबुक आणि अर्धा पुडा बिस्किटं. आजीने ती बिस्किटं देवापुढे ठेवली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

२०१६ साली यावर सिनेमा आला, 'एअरलिफ्ट'. त्यात एक धनाढ्य व्यापारी सगळ्यांना सोडवतो आणि सरकारी अधिकारी बहुतेक झोपलेले दिसतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली होती. खरं दोन्ही होतं. कुवेतमधल्या भारतीयांनी स्वतःच्या समित्या केल्या, शाळांमध्ये लोकांची सोय केली, बसची व्यवस्था पाहिली. आणि दिल्ली, बगदाद, अम्मानमध्ये बसलेल्या माणसांनी परवानग्या मिळवल्या, विमानं लावली. एका नायकाची गोष्ट सांगायला सोपी असते, पण चारशे अठ्ठ्याऐंशी विमानं एका नायकाने उडत नाहीत.

याच कहाणीला एक शेपूट आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी एक भरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून नुकसानभरपाई द्यायची. कुवेत-इराक सोडून पळावं लागलं म्हणून एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच हजार, अशी साधारण ठरलेली रक्कम होती. अर्ज आपापल्या सरकारमार्फत करायचे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कुवेत कक्ष होता. काकांनी अर्ज भरला आणि काही वर्षांनी हप्त्याहप्त्याने पैसे आले. आठ वर्षांच्या शिल्लकीपुढे ते काहीच नव्हते, पण "कुठंतरी नोंद झाली" याचं त्यांना समाधान होतं. या आयोगाने भरपाईचा शेवटचा हप्ता दिला तो जानेवारी २०२२ मध्ये, आणि फेब्रुवारीत आपलं काम संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे एका युद्धाचा हिशेब मिटत होता, त्याच महिन्यात माझी भाची मला "येऊ का परत?" विचारत होती.

१९९० नंतर मात्र हळूहळू सावध करण्याची रीत पडत गेली. कधी ती सूचना नसून सरळ बंदीच असायची. २००४ साली इराकमध्ये तीन भारतीय ट्रकचालकांचं अपहरण झालं, त्यानंतर सरकारने भारतीयांना कामासाठी इराकला जायला मनाई केली, पासपोर्टवर तसा शिक्का पडू लागला. ही बंदी २०१० पर्यंत होती. म्हणून लोक जायचे थांबले का? नाही. शेजारच्या देशात कामाला म्हणून जायचे आणि तिथून इराकमध्ये पोचायचे. ज्याने एजंटला देण्यासाठी जमीन गहाण टाकली आहे, त्याच्या दृष्टीने शिक्का हा फक्त एक वळसा असतो.

येमेनचंही तसंच. जानेवारी २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालय भारतीयांना येमेन सोडायला सांगत होतं. २६ मार्चला बाँबफेक सुरू झाली तेव्हाही चार हजारांच्या वर भारतीय तिथेच होते. त्यात परिचारिका पुष्कळ होत्या. कुणाचा पगार अडकलेला, कुणाचा पासपोर्ट मालकाकडे, कुणाच्या डोक्यावर नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज. मग 'ऑपरेशन राहत'. एडनहून नौदलाची 'सुमित्रा', पाठोपाठ 'मुंबई' आणि 'तर्कश', जिबुतीहून हवाईदलाची मोठी विमानं, सानाहून एअर इंडिया. ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिक बाहेर काढले. जगाने कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण जानेवारीतला कागद कुणी का ऐकला नाही, हा प्रश्न कौतुकाच्या आवाजात हरवून गेला.

आता पुन्हा युक्रेन.

नंतर मी फेब्रुवारी २०२२ मधली ती सगळी पत्रकं एकापुढे एक ठेवून वाचली. १५ तारखेला "विचार करावा". २० तारखेला भाषा बदलली, सगळ्याच विद्यार्थ्यांनी तात्पुरतं देश सोडावा. २२ तारखेला तिसरं पत्रक. ऑनलाइन वर्गांबद्दल विचारणारे फोन फार येत आहेत, विद्यापीठांच्या निर्णयाची वाट न पाहता सुरक्षिततेसाठी निघा. सात दिवसांत तीन कागद आणि प्रत्येकाचा सूर आधीच्यापेक्षा चढा. मला तो चढ ऐकू यायला हवा होता. अमेरिकेने तर ११ तारखेलाच आपल्या नागरिकांना पुढच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निघा म्हणून सांगितलं होतं.

मग आपलं मंत्रालय इतकं मोघम का बोललं? आधी मला राग आला. आता तितका येत नाही. ज्या देशात आपला दूतावास आहे, त्याचा अध्यक्ष स्वतः सांगतोय की घबराट पसरवू नका. दुसरीकडे रशियाशी जुनी मैत्री. अशा वेळी "पळा, युद्ध होणार" असं लिहिणं म्हणजे रशिया हल्ला करणार हे आपणच जाहीर करणं. प्रवासाची सूचना ही वरवर घरच्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी असते, पण ती दोन परकी सरकारंही वाचत असतात. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द मोजून-मापून, कडा घासून गुळगुळीत केलेला. आणि तिकडे हॉस्टेलच्या खोलीत वीस वर्षांची पोर तो गुळगुळीत शब्द हातात घेऊन बसलेली... अत्यावश्यक म्हणजे काय? माझं राहणं अत्यावश्यक आहे का? फी भरलीय, हजेरी कमी पडली तर वर्ष जातं. हे ठरवायचं कुणी?

भाचीने परत आल्यावर मला सांगितलं ते मी विसरू शकत नाही. "मामा, तुझ्या सांगण्यामुळे थांबले असं नाही. तिकीट साठ हजाराच्या पुढे गेलं होतं. बाबांकडे मागायची हिंमत नव्हती. तू 'थांब' म्हणालास तेव्हा बरं वाटलं, मागावं लागलं नाही."

परराष्ट्रमंत्र्यांनी नंतर संसदेत सांगितलं की २३ फेब्रुवारीपर्यंत सुमारे चार हजार भारतीय निघाले होते. वीस हजारांहून जास्त होते त्यातले चार हजार. २४ ला पहाटे हवाई हद्द बंद झाली, कीवला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. भाची बसने रोमानियाच्या सीमेकडे निघाली, शेवटचे काही किलोमीटर बर्फातून चालत, सिरेतला पोचली, बुखारेस्टहून मुंबईत आली. 'ऑपरेशन गंगा'मध्ये नव्वद विमानं होती आणि परतलेल्यांचा एकूण आकडा साडेबावीस हजारांच्या घरात गेला. चार केंद्रीय मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले होते. तिच्या ओळखीतले काही जण मात्र खार्किवला होते. १ मार्चला तिथे एक भारतीय विद्यार्थी गोळाबारात गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा कागद आला, तो मी आयुष्यात वाचलेला सर्वांत स्पष्ट सरकारी कागद. तीन गावांची नावं आणि वेळ. संध्याकाळी सहापर्यंत तिथे पोचा, वाहन नसेल तर चालत पोचा. दहा-पंधरा किलोमीटर, चालू गोळीबारात. त्यात 'विचार करावा' कुठेच नव्हतं.

यातली एक विसंगती मला सारखी टोचते. वेळेवर निघालेल्या चार हजारांनी तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं. उशिरा निघालेल्यांना सरकारने फुकट आणलं. आणायलाच हवं होतं, त्यात वादच नाही. पण मग वेळेवर ऐकणाऱ्याला शिक्षा आणि न ऐकणाऱ्याला विमान, असा काहीसा हिशेब होतो. साठ हजारांसाठी मूल थांबतं आणि मग त्याला आणायला देशाला विमानं, मंत्री आणि दोन शत्रूंची मनधरणी लागते. सूचनेच्या कागदाला तिकिटाची जोड असती तर चार हजारांचे दहा हजार झाले असते, असं मला वाटतं. परदेशी भारतीयांसाठी २००९ पासून दूतावासांकडे कल्याण निधी आहे, २०१५ पासून तक्रारींसाठी 'मदद' पोर्टल आहे, हे सगळं चांगलंच आहे. पण तो निधी प्रामुख्याने संकटात सापडल्यावरचा. संकटाच्या आधीच्या आठवड्याचं काय?

सरकारचं सरकार बघेल. घरापुरतं मी एक ठरवलं आहे. आपल्या नात्यात आज सात मुलं बाहेर आहेत. ज्या देशात आहात तिथल्या दूतावासात नाव नोंदवा, पासपोर्टची एक प्रत इकडे ठेवा, हे मी दर दिवाळीला सांगतोच आणि तुम्ही हसता. यापुढे एवढंच. दूतावासाचा कागद आला, त्यात 'विचार करावा' इतकंच लिहिलेलं असलं, तरी मला अर्थ विचारू नका. अर्थ सांगण्यात मी एकदा चुकलोय. फक्त तिकिटाची रक्कम कळवा. वर्ष बुडालं तर बुडू दे, नंतर परत करा, नाही केलं तरी चालेल.

भाऊकाकांचं ते पासबुक काकूंनी मागच्या वर्षी माझ्याकडे दिलं. "तू इतिहास-बितिहास लिहितोस ना, ठेव तुझ्याकडे," म्हणाल्या. शेवटची नोंद जुलै १९९० ची आहे.